डॉक्टर ‘आपल्यातला’ असावा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईला मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा घरात सर्वांत आधी चर्चा झाली ती डॉक्टर कोणता निवडायचा याची. नातेवाइकांनी तीन-चार नावे सुचवली आणि प्रत्येक नावामागोमाग एकच प्रश्न आला, ‘आपल्यातले आहेत का?’ जे आमच्या धर्माचे निघाले त्यांच्याकडे आम्ही गेलो. बाकीच्यांचे शिक्षण, अनुभव, रुग्णाचे म्हणणे ते किती ऐकून घेतात, यांतले काहीही कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. त्या निवडीचे पुढे काय झाले ते सांगावे आणि त्या निमित्ताने अनेक वर्षे मनात घोळत असलेली गोष्ट आपल्या वाचकांपुढे मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आई श्रद्धाळू होती आणि धर्माने सांगितलेले उपवास ती कधी चुकवीत नसे. तिचे डॉक्टरही तेच उपवास करणारे होते. त्यामुळे उपवासाच्या दिवशी गोळ्यांचे काय करायचे, हा विषय सहा वर्षांत त्या दोघांच्या बोलण्यात एकदाही निघाला नाही. ही आपल्यासारखाच उपवास करीत असणार, असे डॉक्टरांनी गृहीत धरले आणि त्यांना सगळे ठाऊकच आहे, असे आईने गृहीत धरले. प्रत्यक्षात डॉक्टर उपवासाला थोडेफार खात असत, तर आई पाण्यावाचून काही घेत नसे. तिला दिलेल्या गोळ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या होत्या. पोटात अन्न असो वा नसो, या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात आणि म्हणून त्या रिकाम्या पोटी घेतल्या तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. एका उपवासाच्या दुपारी आई घरातच बेशुद्ध होऊन पडली.

रुग्णालयात ज्यांनी तिला तपासले ते डॉक्टर वेगळ्या धर्माचे होते. आमच्या उपवासांविषयी त्यांना काहीही माहिती नव्हती आणि म्हणूनच, आई बोलण्याच्या स्थितीत आल्यावर, त्यांनी तिला सगळे विचारले. उपवास वर्षातून किती येतात, कधी सुरू होतो आणि कधी सुटतो, पाणी चालते का, गोळी घेतल्याने किंवा सुई टोचल्याने उपवास मोडतो असे तुम्ही मानता का, आजारी माणसाला तुमच्या धर्मात काही सवलत दिली आहे का, असे त्यांचे प्रश्न होते. मग त्यांनी गोळ्यांचा गट बदलला, घेण्याच्या वेळा बदलल्या आणि साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर उपवास त्याच क्षणी सोडायचा, हे स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिले. आईने उपवास बंद केले नाहीत, पण त्यानंतर ती पुन्हा कधी अशी पडली नाही.

पहिल्या डॉक्टरांवर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. ते सज्जन आणि जाणते होते आणि न सांगण्याची चूक आमचीही तितकीच होती. पण त्या दिवसापासून ‘आपल्यातले आहेत का’ हा प्रश्न कानांवर आला की त्याच्या पोटात दोन वेगळ्या अपेक्षा दडलेल्या असतात, हे मला स्पष्ट दिसू लागले. हा माणूस आपल्याला फसवणार नाही, ही एक अपेक्षा आणि आपण का म्हणून एखादी गोष्ट करतो किंवा नाकारतो हे याला समजावून सांगावे लागणार नाही, ही दुसरी. या दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. मात्र समान धर्म त्या पुऱ्या करतो, हे मला मान्य नाही आणि कित्येकदा तो त्यांच्या आड येतो, हे आमच्या घरानेच अनुभवले आहे.

दुसऱ्या अपेक्षेला धरून जगातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाने १९४५ पासून रक्त घेणे निषिद्ध मानले आहे. जीव गेला तरी चालेल, पण दुसऱ्याचे रक्त शरीरात नको, अशी त्यांची श्रद्धा. उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया सुरू झाल्या त्या काळात शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणारे हृदय-फुप्फुस यंत्र भरण्यासाठीच कितीतरी बाटल्या रक्त लागे, त्यामुळे या पंथातील हृदयरोग्यांना शल्यविशारद सरळ परत पाठवीत. अमेरिकेत ह्यूस्टन येथील डेंटन कूली त्या पंथाचे नव्हते. त्यांनी यंत्रात रक्ताऐवजी डेक्स्ट्रोजचे द्रावण भरले, रक्तस्राव कमीत कमी होईल अशी शस्त्रक्रियेची शिस्त बसवली आणि १९७७ मध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह अशा ५४२ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या रुग्णांची श्रद्धा कूलींना पटली असेल वा नसेल, त्यांनी ती शस्त्रक्रियेची एक अट म्हणून स्वीकारली आणि त्या अटीत बसेल असे कौशल्य कमावले. रक्त वाचवण्याच्या अशा पद्धतींचा लाभ पुढे इतर श्रद्धांच्या आणि कोणतीच श्रद्धा नसलेल्या रुग्णांनाही झाला. त्या रुग्णांनी आपल्या पंथाचाच शल्यविशारद हवा असा हट्ट धरला असता, तर त्यांतल्या कितीजणांच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली असती?

मनाच्या आजारांबाबत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तिथे उपचाराचे साधनच बोलणे हे असते आणि श्रद्धेला वगळून श्रद्धावान माणसाचे मन उलगडता येत नाही. म्हणून समुपदेशक तरी स्वधर्मीय असावा, असे म्हणणाऱ्यांशी मीही बराच काळ सहमत होते. रिबेका प्रॉपस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास वाचल्यावर माझे मत बदलले. नैराश्य आलेल्या श्रद्धाळू ख्रिस्ती रुग्णांना त्यांनी दोन प्रकारे विचार-वर्तन उपचार दिले. एकात रुग्णाच्या धार्मिक कल्पनांचा आधार घेतला होता, दुसऱ्यात नव्हता. उपचार करणाऱ्यांत काहीजण स्वतः श्रद्धाळू होते, काही नव्हते. धार्मिक आधार घेतलेल्या उपचाराचा परिणाम चांगला दिसला. पण सर्वांत चांगला परिणाम दिसला तो तो उपचार स्वतः श्रद्धाळू नसलेल्या उपचारकांनी दिला तेव्हा. अभ्यास लहान होता, रुग्ण साठाच्या आत होते, तेव्हा त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे योग्य नाही. तरीही रुग्णाच्या श्रद्धेला उपचारात जागा देणे आणि ती श्रद्धा स्वतः बाळगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून नक्की दिसते.

शिवाय समुपदेशकाच्या आणि डॉक्टरांच्या खोलीत माणसाला जे सांगायचे असते ते बहुधा लाजेचे असते. व्यसन, गुप्तरोग, नको असलेली गर्भधारणा, आत्महत्येचा विचार, देवावरचा उडालेला विश्वास, यांतले काही आपल्याच प्रार्थनास्थळी दर आठवड्याला भेटणाऱ्या, आपल्या वडिलांना ओळखणाऱ्या माणसापुढे बोलून दाखवणे किती कठीण असते, याचा विचार ‘आपल्यातला’ शोधताना कोणी करीत नाही. समोरचा माणूस गुप्तता पाळेल याची खात्री असली, तरी उद्या तो भेटेल तेव्हा त्याच्या नजरेत आपण कसे दिसू, ही भीती जात नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने आपले दुखणे कित्येक महिने याच कारणाने लपवले. त्याविषयी अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आता पहिली अपेक्षा, म्हणजे विश्वास. पैशाच्या व्यवहारात समान श्रद्धेवर विसंबणे किती महागात पडते, याचे उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात घडले. बॅप्टिस्ट पंथाशी संलग्न असलेल्या एका प्रतिष्ठानाने धर्मबांधवांकडून ठेवी गोळा केल्या. तुमचा पैसा धर्मकार्याला लागेल आणि व्याजही मिळेल, असे आश्वासन दिले. ठेवीदारांत निवृत्त आणि वयस्क माणसे पुष्कळ होती. १९९९ मध्ये ते प्रतिष्ठान कोसळले तेव्हा ११ हजारांहून अधिक गुंतवणूकदारांचे पन्नास कोटी डॉलरहून जास्त पैसे अडकलेले होते. एरवी ज्या माणसांनी ताळेबंद मागितला असता, व्याजदर इतका चांगला कसा असे विचारले असते, त्यांनी ते विचारले नाही, कारण विचारणे हा अविश्वास ठरला असता. लेखापाल किंवा गुंतवणूक सल्लागार निवडताना आपल्या पंथाचा म्हणून ज्याच्याकडे आपण जातो, त्याला हिशेब विचारण्याची आपल्याला भीड पडते आणि फसवणूक करणारा नेमक्या या भिडेवर जगतो. वकील, वास्तुविशारद, अभियंता यांच्याबाबत वेगळे सांगण्याची गरज नाही. धार्मिक कौटुंबिक कायदा जिथे लागू असतो तिथे त्या कायद्याचा जाणकार वकील अवश्य हवा, पण जाणकारी अभ्यासाने येते.

इतिहासातही लोकांचे वागणे त्यांच्या नियमांहून शहाणे दिसते. नवव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या दरबारात हुनैन इब्न इसहाकसारखे नेस्टोरियन या पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचे वैद्य होते. बाराव्या शतकात कैरोमध्ये ज्यू धर्मपंडित मैमोनिडीज हे सुलतान सलादीनच्या वजिराचे वैद्य होते आणि एका पत्रात त्यांनी लिहून ठेवले आहे की, दरबारातून थकून घरी परतावे तो ज्यू आणि ज्यूएतर, थोर आणि सामान्य, मित्र आणि शत्रू अशा रुग्णांनी दालन भरलेले असे. फ्रान्समधील बेझिए येथील धर्मसभेने १२४६ मध्ये ख्रिस्ती माणसाने ज्यू वैद्याकडून उपचार घेऊ नयेत असा निर्बंध घातला होता. तरी पंधराव्या शतकाच्या अखेरीस खुद्द पोप सहावे अलेक्झांडर यांचे वैद्य बोने द लात हे ज्यू होते. आपल्या देहावर वेळ आली की माणूस जाणकार शोधतो आणि त्यात गैर काहीच नाही.

डॉक्टरांच्या बाजूने हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. दुसऱ्या महायुद्धातील वैद्यकीय अत्याचार ताजे असताना, १९४८ मध्ये, जागतिक वैद्यकीय संघटनेने जिनिव्हा येथे जी प्रतिज्ञा स्वीकारली, तीत आपले कर्तव्य आणि आपला रुग्ण यांच्यामध्ये धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण किंवा सामाजिक स्थान येऊ देणार नाही, असे डॉक्टर म्हणतो. २०१७ मध्ये तिची सुधारणा झाली तेव्हाही हे तत्त्व कायम राहिले आणि रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर हे वचन नव्याने आले. रुग्णाने अशी प्रतिज्ञा घेतलेली नाही; कोणाकडे जायचे हे ठरवायला तो मोकळा आहे आणि तसेच असले पाहिजे. पण ज्याने आपल्यासाठी धर्म बाजूला ठेवण्याची शपथ घेतली, त्याला आपण धर्मावरूनच वगळतो, याची थोडी तरी बोचणी आपल्याला लागायला हवी, असे मला वाटते. आणि एकेका माणसाची पसंती एकत्र होऊन समाजाची रीत बनते व राज्यसत्ता त्या रीतीला कायद्याचे बळ देते, तेव्हा काय होते, हेही जगाने पाहिले आहे. जर्मनीत ज्यू डॉक्टरांना १९३३ पासून विमा-व्यवस्थेतून बाहेर ढकलण्यास सुरुवात झाली आणि ३० सप्टेंबर १९३८ रोजी त्यांचे परवाने रद्द झाले. जे थोडे उरले त्यांना डॉक्टर म्हणवून घेण्याचीही मुभा नव्हती आणि ज्यूंवाचून कोणावर उपचार करण्याचीही.

या प्रश्नाची दुसरी बाजू आहे आणि ती मला हलक्याने घ्यायची नाही. ज्याला परक्या दवाखान्यात पेहरावावरून, नावावरून किंवा प्रार्थनेवरून हिणवले गेले आहे, त्याने पुढच्या वेळी स्वधर्मीय डॉक्टर शोधला तर त्याला संकुचित म्हणणे अन्यायाचे ठरेल. न्यूयॉर्कमधील माउंट सिनाई हे प्रसिद्ध रुग्णालय १८५२ मध्ये ‘ज्यूंचे रुग्णालय’ म्हणून स्थापन झाले, त्यामागे अशीच गरज होती. अमेरिकेत ओकलंड येथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कृष्णवर्णीय पुरुष कृष्णवर्णीय डॉक्टरांशी बोलल्यानंतर प्रतिबंधक तपासण्यांना अधिक प्रमाणात तयार झाले. तो प्रयोग वंशाविषयी होता, धर्माविषयी नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्या माणसाला ओळखीचा चेहरा धीर देतो, हे त्यातून कळते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र असा आसरा शोधावा लागतो तेव्हा दुखणे व्यवसायात असते. ज्या डॉक्टरांनी त्या रुग्णाला हिणवले त्यांच्या वागण्याची चौकशी होणे हा त्यावरचा उपाय आहे. प्रत्येक समाजाने आपापले डॉक्टर वाटून घेतले तर ते वागणे तसेच राहील आणि ज्या गावी आपल्या धर्माचा डॉक्टर नाही तिथे आजारी पडलेल्या माणसाला कोणी वाली उरणार नाही.

डॉक्टरांची श्रद्धा रुग्णाच्या आड येते असे प्रसंग खरोखरच असतात. गर्भपात, गर्भनिरोध, वंध्यत्वावरचे उपचार, मृत्युशय्येवरील कृत्रिम श्वसन बंद करण्याचा निर्णय, ही त्यांची ठिकाणे. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात सदसद्विवेकबुद्धीने विरोध असलेल्या डॉक्टरांना उपचारात भाग न घेण्याची मुभा आहे, पण स्त्रीचा जीव वाचवायचा असेल किंवा तिच्या प्रकृतीची गंभीर, कायमची हानी टाळायची असेल तेव्हा ती मुभा नाही. ही मर्यादा मला न्याय्य वाटते. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट अनिवार्य असली पाहिजे : जो उपचार मी देणार नाही तो अस्तित्वात आहे आणि अमुक ठिकाणी मिळतो, हे डॉक्टरांनी रुग्णाला वेळेत सांगितले पाहिजे. येथेही ‘तुमचा धर्म कोणता’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण एकाच धर्माच्या दोन डॉक्टरांची या विषयांवरची मते दोन टोकांची असू शकतात. एकाच घरातल्या दोन भावांचीसुद्धा असतात. ‘माझ्या बाबतीत तुम्ही कोणता उपचार करणार नाही आणि तो लागला तर मला कोणाकडे पाठवाल’ हे विचारावे. ज्या डॉक्टरांना हा प्रश्न अपमानाचा वाटेल, त्यांच्याविषयी आपल्याला पुरेसे कळलेले असेल.

शिवाय एका बाबीकडे आपण पुरते दुर्लक्ष करतो. डॉक्टरांच्या धर्माहून कित्येकदा रुग्णालयाच्या मालकीला जास्त महत्त्व असते. अमेरिकेत रुग्णालयांतील दर सहा खाटांपैकी सुमारे एक खाट कॅथलिक संस्थांच्या रुग्णालयात आहे आणि तिथले उपचार बिशपांनी ठरवलेल्या नैतिक व धार्मिक निर्देशांना बांधलेले असतात. तिथे काम करणारा डॉक्टर कोणत्याही धर्माचा असो, नसबंदीसारखी शस्त्रक्रिया तो सहसा करू शकत नाही. प्रसूतिवेदना सुरू झालेली स्त्री जवळचे रुग्णालय गाठते, तेव्हा ही माहिती तिच्याजवळ बहुधा नसते. श्रद्धेने रुग्णालये उभारणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. लंडनमध्ये १९६७ मध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स निष्ठावान ख्रिस्ती होत्या आणि मरणाऱ्या माणसाच्या वेदनेत आत्मिक वेदनाही असते, हे त्यांनीच वैद्यकाला शिकवले, तेही येणाऱ्याची श्रद्धा कोणती हे न पाहता. माझा आक्षेप फक्त न सांगण्याला आहे.

तेव्हा आपल्या दैनिकामार्फत माझी मागणी अशी की, श्रद्धेच्या किंवा सदसद्विवेकबुद्धीच्या कारणाने जे उपचार दिले जात नाहीत त्यांची यादी प्रत्येक रुग्णालयाने आणि दवाखान्याने प्रवेशद्वाराशी, साध्या भाषेत, ठळकपणे लावावी. पहिल्या भेटीच्या नोंदपत्रकात रुग्णाचा धर्म विचारणारा रकाना असतो. त्याच्या जागी ‘उपवास, औषधातील प्राणिज घटक, रक्त, तपासणारी व्यक्ती स्त्री असावी की पुरुष, अंत्यसमयीचे विधी यांपैकी कशाविषयी आम्ही काळजी घ्यावी असे आपल्याला वाटते?’ असा प्रश्न असावा. हेपारिन हे रक्त पातळ करणारे औषध डुकराच्या आतड्यापासून बनते आणि पुष्कळ कॅप्सूलची आवरणे प्राण्यांच्या जिलेटिनची असतात, हे रुग्णाला आधी कळले तर पर्यायाचा विचार करायला वेळ मिळतो. ‘धर्म’ या रकान्यातल्या एका शब्दावरून डॉक्टर पुन्हा गृहीतच धरणार. माझ्या आईच्या कागदपत्रांवरही तो शब्द सहा वर्षे लिहिलेला होता.

आपली विश्वासू,
एक वाचक